कापड ओळखणारं मशीन आणि आमचे मालक

आमचे केडगावचे घरमालक कुणालाही नावाने हाक मारत नसत. कापडाने मारत. खाकी वर्दीतला पोस्टमन आला की ‘या ड्रिल’. दूधवाला आला की ‘काय लाँगक्लॉथ, आज पाणी जरा कमी घातलंस वाटतं’. समोरच्या मास्तरीणबाई कडक इस्त्रीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत, त्या ऑरगंडी. माझे मिस्टर एमआयडीसीत पाळीवर जायचे, ते टेरिकॉट. आणि मी वायल. वायल का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “हवेशीर आहात, पण जरा वारा सुटला की फडफड थांबत नाही.” आता मी जास्त बोलते हे मला माहेरापासून ठाऊक आहे, पण असं कापडात गुंडाळून कुणी हातात दिलं नव्हतं. मला राग आला नाही.

त्यांच्याकडे आम्ही राहायला गेलो तेही कापडामुळेच. नगरमध्ये आम्ही खोली शोधत होतो. तीन ठिकाणी सगळं जमलं, मग आडनाव विचारलं गेलं, आणि मग त्यांना एकाएकी आठवलं की आपले पाहुणे येणार आहेत. एकाने तर भिंतीवर तसबीर कुणाची लावणार हेही विचारून घेतलं. चौथं दार ह्या मालकांचं. ह्यांनी आडनाव विचारलंच नाही. मिस्टरांच्या शर्टाची बाही धरली, चिमटीत चोळली, कानाशी नेऊन पुन्हा चोळली आणि डोळे मिटून म्हणाले, “सदुसष्ट-तेहतीस टेरिकॉट, पॉलिस्टर जास्त, सुती कमी. दोन वर्षं वापरलंय. बटण एकदा तुटलंय, लावलंय घरीच, आणि टाका सरळ आहे. ज्या घरात टाका सरळ, त्या घराला खोली द्यायला काय हरकत आहे. या राहायला.”

आमचं आडनाव त्यांना कळलं पुढे सहा महिन्यांनी, आमच्या नावाने आलेल्या एका लग्नपत्रिकेवरून. “असं होय,” म्हणाले, आणि पत्रिकेचा कागद चिमटीत चोळून बघितला.

नगरच्या कापडबाजारात एका मोठ्या दुकानात ते चाळीस वर्षं गादीवर बसून कापड दाखवत होते. निवृत्त झाले, पण बोटं निवृत्त झाली नव्हती. लग्नाला गेले की आधी मांडवाची कनात चोळायचे, मग आहेर द्यायचे. दवाखान्यात गेले तर डॉक्टर ह्यांची नाडी बघताहेत आणि हे डॉक्टरांच्या कोटाची कड बघताहेत. एकदा आळीत एक म्हातारे गेले. सगळे गंभीर उभे. मालक पुढे गेले, पाया पडले, आणि पडता पडता वरचं पांढरं कापड दोन बोटांत धरून हळूच म्हणाले, “चांगलं आणलंय हो. टिकेल.” मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडताहेत.

त्यांचं म्हणणं असं, की कापड बोलतं. सुती खरखर बोलतं, रेशीम कुरकुरतं, नायलॉन चुगल्या करतं. ऐकणारा कान पाहिजे. आणि तो कान आख्ख्या नगर जिल्ह्यात एकट्या त्यांच्याकडे होता.

ह्याचा पुरावा म्हणून एक शालू होता. नवा भाडेकरू, नवा जावई, गॅसची टाकी आणणारा, कुणीही आलं की काकूंना ट्रंक उघडून तो आणावा लागे. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी, नेवाशाकडच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मालकांनी दुकानातल्या गठ्ठ्यातून डोळे मिटून हाताने निवडलेला तो डाळिंबी शालू. “अस्सल रेशीम,” मालक सांगायचे, “शेटजीसुद्धा म्हणाले, पोरा, तुझ्या हाताला डोळे आहेत.” काकू शालू आणून ठेवायच्या, गोष्ट संपेपर्यंत बाजूला उभ्या राहायच्या, मग घडी घालून परत ट्रंकेत. तोंडातून एक शब्द नाही. मला वाटायचं, लाजतात.

काकूंचं राज्य मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी. मालक तिथे फक्त टीका करायला जायचे. “हळू पीळ, ते मलमल आहे, ऊस नाही.” काकू ऐकायच्या आणि तसंच पिळायच्या. पण त्या वर्षी काकूंच्या बोटांचे सांधे सुजले. पेरं लिंबाएवढी झाली म्हटलं तरी चालेल. डॉक्टरांनी गार पाण्यात हात घालायचा नाही असं बजावलं. मी म्हटलं, तुमचं धुणं मी टाकते. तर म्हणाल्या, “तुजंच तुला हुईना बाई. आन् ह्यांच्या धोतराला दुसऱ्या कुनाचा हात लागला तर ते धोतर दिवसभर कुरकुर करतंय म्हनं.”

हे सगळं काकूंच्या पुण्याच्या लेकाला कळलं. कुणी कळवलं ते विचारू नका, मी जास्त बोलते हे मी आधीच सांगितलं आहे. आणि एके दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात वॉशिंग मशीन. सोबत लेकाची चिठ्ठी: ‘आईच्या हातांसाठी. हे नव्या पद्धतीचं आहे. आत कोणतं कापड टाकलं ते स्वतः ओळखतं.’

चिठ्ठी लेकाने आईसाठी लिहिली होती, पण लागली बापाला. मालकांनी ती तीनदा वाचली. “स्वतः ओळखतं?” एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडासुद्धा चिमटीत चोळत बसले.

दोन दिवसांनी मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला. त्याच्या बॅगेवरून त्याचं नाव लगेच रेक्झिन पडलं. मालकांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि समोर बसवून विचारलं, की बाबा, ह्याला बोटं नाहीत, कान नाहीत, मग हे कापड ओळखतं कसं?

तो बिचारा समजावून सांगायला लागला. मशीन आधी थोडं पाणी घेतं. कपड्यांना एक हेलकावा देतं आणि मोटर सोडून देतं. सोडल्यावर कपडे किती वेळात थांबतात ते बघतं. सुती कापड पाणी पितं, जड होतं, लवकर अडतं, आणि पाण्याची पातळीही तेवढी खाली जाते. पॉलिस्टर पाणी पीत नाही, ते सुळकन फिरत राहतं. एवढ्यावरून मशीन ठरवतं की किती वेळ धुवायचं आणि किती जोरात. वर पट्टीवर तीन दिवे होते, नाजूक, मधलं आणि जाड. जो लागेल तसं धुणं.

“ह्याला फजी लॉजिक म्हणतात, काका.”

“फजितीच म्हणा,” मालक म्हणाले. “म्हणजे ओळखत नाही, नुसता अंदाज करतं.”

काकू तिथेच दगडापाशी बसल्या होत्या. त्यांनी बादलीतून मिस्टरांची पँट उचलली. आमची पँट त्यांच्या बादलीत कशी, तर त्यांना कुणाचं एखादं कापड धुतल्याशिवाय करमायचं नाही, दुखत्या हातानेसुद्धा. “मंग मी काय येगळं करते?” त्या म्हणाल्या. “बुडवायचं, अर्धा पीळ द्यायचा, सोडून द्यायचं. पाटलोन लगीच सुटतीया. धोतर पानी धरून बसतंय. हातालाच कळतंय किती चोळायचं ते.”

रेक्झिन उभाच राहिला. म्हणाला, “काकू, हेच. अगदी हेच करतं हे.”

मालकांना ते पटलं नाही. म्हणाले, ते ओलं कापड झालं. ओल्या कापडात काय विद्या आहे? चाळीस वर्षांत दुकानात एक गिऱ्हाईक ओलं कापड मागायला आलं नाही.

आणि त्यांनी जाहीर केलं, की कापडाची परीक्षा घेणाऱ्याची आधी परीक्षा होईल. येत्या रविवारी, कारण रविवारी नळाला पाणी यायचं. कपड्यांचे गठ्ठे होतील. प्रत्येक गठ्ठा आधी ते हाताने सांगतील, मग मशीन सांगेल. एक जरी चुकलं, तरी मशीन त्याच टेम्पोने पुण्याला परत. तोवर रिकामं खोकं कुणी फोडायचं नाही. ते खोकं, आतल्या थर्माकोलसकट, त्यांनी व्हरांड्यात उभं करून ठेवलं. येता-जाता काकूंना ते दिसायचं.

शनिवारी दुपारी मी काकूंकडे पीठ मागायला गेले, तर त्या परातीसमोर नुसत्या बसल्या होत्या. बोटं मिटत नव्हती. मला म्हणाल्या, “वायल,” हो, त्यासुद्धा वायलच म्हणायच्या, “भाकरी थापायपुरती बोटं ऱ्हाऊ दे म्हनते मी. सगळीच धुन्यात घालवून कसं चालंल?” मी भाकरी थापल्या. आणि मशीन राहिलंच पाहिजे, असं आम्ही दोघींनी ठरवलं. ठरवून काय करणार होतो, ते मात्र दोघींनाही माहीत नव्हतं.

रविवार उजाडला. आता परीक्षा म्हटल्यावर लोकांनी बघायला यावं की नाही? आले. पण आळीतली एकूणएक बाई आपापलं आठवड्याचं धुणं घेऊन आली. फुकटात धुऊन निघत असेल तर परीक्षेला कोण नाही म्हणेल. मास्तरीणबाई तर पडदे काढून घेऊन आल्या. मागच्या अंगणात मशीन, समोर खुर्चीवर मालक, नवीन टोपी, पांढरंशुभ्र धोतर. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांनी पंचा बांधून घेतला. म्हणाले, मशीनला डोळे नाहीत, मलाही नकोत, सामना बरोबरीचा व्हावा. मी पंच्याची गाठ मारली, तर आतून म्हणाले, “हा सोलापूरचा.”

पहिला गठ्ठा मी पुढे केला. मालकांनी चोळला, कानाशी नेला. “सुती धोतरं. चार. एक माझंच आहे.” धोतरं मशीनमध्ये गेली. पाणी आलं, एक हेलकावा झाला, मशीन थबकलं. आख्खी आळी थबकली. माझी लेक मशीनपाशी उभी राहून दिवे वाचत होती. ती म्हणाली, जाड. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी पंच्याआडून मान हलवली, जणू आपल्याच दुकानात कुणी नवा माणूस बरा निघाला.

दुसरा गठ्ठा पॉलिस्टरच्या साड्यांचा. मालक म्हणाले, “ह्या चुगल्या करतात, लांब धरा.” मशीनमध्ये साड्या सुळसुळत फिरल्या, आणि दिवा लागला, नाजूक. काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता आणि खरखरीत.

तिसऱ्या गठ्ठ्याला मात्र मालकांनी डाव टाकला. म्हणाले, आता मिसळ करा. दोन साड्या पॉलिस्टरच्या आणि तीन चादरी सुती. त्यांनी एकेक ओळखून वेगळं सांगितलं, एका चादरीला कुठे रफू आहे तेही सांगितलं. मग सगळं एकत्र मशीनमध्ये. मशीनने हेलकावा दिला, थांबलं, पुन्हा एक दिला, पुन्हा थांबलं. बराच विचार केला बिचाऱ्याने. आणि दिवा लागला मधला.

“काय लागलं?” मालकांनी विचारलं.

“मधलं,” लेक म्हणाली.

“मधलं?” मालक खुर्चीत सावरून बसले. “मधलं नावाचं कापड कापडबाजारात जाऊन मागून बघा कुणीतरी. दोन मीटर मधलं द्या म्हणावं. नापास.”

बायकांमध्ये गलका झाला. माझे मिस्टर म्हणाले, अहो मालक, मी टेरिकॉट, मी मधलाच आहे की. मालक म्हणाले, तुम्ही सदुसष्ट-तेहतीस आहात, तुमचा हिशेब ठरलेला आहे. मास्तरीणबाईंना काळजी वेगळीच, त्यांचे पडदे अजून व्हायचे होते. पण मालकांनी निकाल दिला, की उद्या टेम्पो बोलवा, खोक्याची दोरी कुठे आहे.

तेव्हा काकू बोलल्या. चारचौघांत त्या कधी बोलायच्याच नाहीत. म्हणाल्या, “थांबा वाईच. डोळ्याची पट्टी सोडू नका. आनखी एक हाय. ह्ये बराबर सांगितलं तर बोलवा टेम्पो.”

त्या आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात डाळिंबी शालू होता. आम्ही सगळ्यांनी तो ओळखला, प्रत्येकाने चार-चारदा पाहिलेला. फक्त खुर्चीवरच्या माणसाला दिसत नव्हतं. काकूंनी शालूची एक कड त्यांच्या हातात दिली.

मालकांनी चिमटीत धरली. चोळली. कानाशी नेली. खुशीत हसले.

“सोपं आहे. आर्ट सिल्क. बनावट. वरून लकाकतं, आत काही नाही. बोलतसुद्धा नाही नीट, तोंडातल्या तोंडात पुटपुटतं. कुणाचं आहे हे? ज्याने घेतलं, त्याला दुकानदाराने फसवलं. आणि दुकानदाराने फसवलं नसेल, तर त्याने बायकोला फसवलं.”

कुणीही हललं नाही. मशीन तेवढं मधल्या दिव्यावर घुर्र घुर्र करत होतं.

मालकांनी विचारलं, “बरोबर आहे ना? कुणी बोलत का नाही?” आणि स्वतःच पंचा वर सरकवला.

त्यांनी शालूकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, मग आपल्याच बोटांकडे बघितलं, जणू बोटांनीच फितुरी केली.

काकू म्हणाल्या, “तुमचा हात न्हाई चुकत. चाळीस वर्सं तोंड चुकलं.”

“तुला,” मालकांनी कशीबशी सुरुवात केली, “तुला कधी कळलं?”

“पयल्या धुन्यालाच. रेशीम भिजलं तरी हातात तग धरतंय. ह्येनं निस्तं पानी पिलं आन् लोळलं. अर्धा पीळ दिला, सोडलं, तर तसंच पडून ऱ्हायलं. मी म्हनलं, ह्ये काय रेशीम न्हवं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी लई खुशीत हुता.”

मालक म्हणाले, त्या दिवाळीला ते दुकानात नवे होते, ऐपत आर्ट सिल्कपुरतीच होती. वाटलं, दोन वर्षांत खरा घेऊ आणि गुपचूप बदलून ठेवू. मग गोष्ट इतक्या जणांना सांगून झाली, की बदलायचं राहूनच गेलं. हे ते इतकं हळू बोलले, की अंगणातलं मागे उभं असलेलं कुणीतरी ‘काय म्हणतात?’ असं विचारत राहिलं, आणि मास्तरीणबाईंनी त्यांना सगळं मोठ्याने पुन्हा सांगितलं.

मग मालक उठले आणि तडक व्हरांड्यात गेले. खोकं आत ओढण्याचा आवाज आला. मी म्हटलं, झालं, आता रागाच्या भरात आजच बांधतात मशीन. काकूंनी शालूची घडी घालायला घेतली होती, ती हातातच राहिली.

मालक खोकं घेऊन अंगणात आले. दुकानातली जुनी कात्री काढली. कापडाच्या थानाला देतात तसा खोक्याच्या कडेला छोटा काप दिला, दोन्ही हातांनी धरलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने टर्रकन फाडायला गेले. आता पुठ्ठा म्हणजे काही मलमल नव्हे. तो फाटेना. मालक लाल झाले. माझे मिस्टर एका बाजूने, सुट्टीचा बघायला आलेला पोस्टमन दुसऱ्या बाजूने, तिघांनी मिळून ओढलं, तिघंही धोतरांच्या बादलीवर आदळले. शेवटी काकूंनी आतून विळा आणून दिला. खोक्याचे तुकडे झाले, थर्माकोलचा चुरा आख्ख्या अंगणात उडाला, आणि मास्तरीणबाईंनी विचारलं, “मग आता पडदे टाकू का?”

त्या उन्हाळ्यात काकूंच्या कुरडया त्याच पुठ्ठ्यावर वाळल्या. भाकऱ्याही त्यांनीच थापल्या, पहिल्या पहिल्या वेड्यावाकड्या.

धुणं मात्र मालकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. स्टुलावर बसायचे, प्रत्येक कपडा चोळून मशीनमध्ये टाकायचे, आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसं मशीनला मोठ्याने सांगायचे, “हा सुती. ही पॉलिस्टर, हिच्यावर विश्वास ठेवू नको.” मशीन पाणी घ्यायचं, एक हेलकावा द्यायचं आणि थबकायचं. त्या वेळी मालकही थबकायचे आणि काकूंकडे बघायचे. काकू भाजी निवडत असायच्या. मान वर न करता म्हणायच्या, “बराबर हाय,” आणि मगच मालक जागचे हलायचे. दगडापाशी ‘ऊस नाही’ म्हणणारा माणूस तो हाच.

शालूची गोष्टही थांबली नाही, फक्त बदलली. आता गॅसवाल्याला सुद्धा ते सांगायचे, की बघा, अस्सल आर्ट सिल्क, आणि हिला पहिल्या धुण्याला कळलं होतं.

एकदा मी तिथेच बसले होते. मालकांनी जगाला कापडाची नावं दिली, पण काकूंना कधी दिलं नव्हतं. मी ते विचारलं. त्यांनी हातातला कपडा दोनदा चोळला, मग म्हणाले, तो तागा माझ्याच्याने अजून पुरता उलगडलेला नाही. मी म्हटलं, बरं, मग काकू, तुम्ही सांगा, मालक कोणतं कापड?

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. मालकांनी मशीनचं झाकण धरून ठेवलं.

“मांजरपाट,” काकू म्हणाल्या. “जाडंभरडं. पयल्या धुन्यात आटलं. मंग काय झालं न्हाई त्याला.”